लॉटरीतून उभा राहिलेला टाऊन हॉल

मुंबईच्या फोर्टात हॉर्निमन सर्कलसमोर तीस पायऱ्यांचा एक जिना आहे. वर आठ डोरिक खांब आणि त्यामागे एशियाटिक सोसायटी. आजचे मुंबईकर या इमारतीला नुसतं ‘एशियाटिक’ म्हणतात. मूळची ती मुंबईचा टाऊन हॉल.

कल्पना सर जेम्स मॅकिंटॉशची. हा मुंबईचा रेकॉर्डर, म्हणजे न्यायाधीश. १८०४ मध्ये त्याने लिटररी सोसायटी काढली आणि १८११ मध्ये टाऊन हॉलचा विषय मांडला. पैसे कुठून आणायचे? लॉटरी काढली! तो पैसा पुरला नाही. पायाभरणी व्हायला १८२१ उजाडलं, पुढे पुन्हा काम रखडलं. अखेर कंपनी सरकारने कचेऱ्यांसाठी जागा मागून खर्चाचा भार उचलला आणि १८३३ मध्ये कर्नल थॉमस कूपरने आखलेली ही वास्तू पुरी झाली. काही खांब विलायतेहून जहाजाने आले. त्यांतले जे इथे बसेनात, ते भायखळ्याच्या ख्राइस्ट चर्चला लागले असं सांगतात.

१ नोव्हेंबर १८५८ रोजी राणीचा जाहीरनामा याच पायऱ्यांवरून वाचला गेला. कंपनीचं राज्य संपल्याचं मुंबईला इथे कळलं.

आत मात्र राज्य पुस्तकांचं. मॅकिंटॉशची सोसायटी पुढे रॉयल एशियाटिक सोसायटीची मुंबई शाखा झाली आणि इथेच राहिली. सुरुवातीला तिथे फक्त साहेब लोक. पहिला भारतीय सभासद, माणेकजी करसेटजी, आत यायला १८४० साल लागलं. एल्फिन्स्टन आणि माल्कम यांच्या संगमरवरी पुतळ्यांच्या घरात नंतर जगन्नाथ शंकरशेटही विराजमान झाले, ही गिरगावकरांनी मुद्दाम जाऊन पाहावी अशी गोष्ट!

दान्तेच्या ‘डिव्हाइन कॉमेडी’चं जुनं हस्तलिखित इथलंच, ते मिळवायला मुसोलिनीने दहा लाख पौंड देऊ केले होते, अशी कथा आहे. खरी-खोटी देव जाणे. त्याहून जवळची वस्तू म्हणजे नालासोपाऱ्याच्या स्तूपात १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींना सापडलेला करंडक. बुद्धाच्या भिक्षापात्राचे मानले गेलेले तुकडे त्यात होते.

पां. वा. काणे यांचा धर्मशास्त्राचा व्यासंग याच ग्रंथालयाशी जोडलेला. दुर्गाबाई भागवत तर वर्षानुवर्षं इथे वाचायला येत. त्यासाठी तीस पायऱ्या त्याही चढत.