थंडीत गाडी का गुरगुरते?

पौषातली थंडी पडली, की आमच्या कारंज्यात पहाटे पारा 10-12 अंशांवर येतो. गुरुमंदिराकडे दर्शनाला निघालेली मंडळी गाडी सुरू करतात आणि शेजारी हमखास विचारतात, ‘‘भाऊ, गाडी आपोआप रेस का होते हो?’’

उत्तर सोपे आहे. गारठ्यात पेट्रोलची वाफ नीट होत नाही, म्हणून इंजिन पेटायला पेट्रोल जास्त लागते. 1983 साली आलेल्या मारुती 800 मध्ये त्यासाठी हाताने चोक ओढावा लागे. आता ते काम गाडीतला संगणक करतो. एरवी मिनिटाला 800 च्या आसपास असणारे फेरे तो 1200-1500 वर नेतो. इंजिन तापले, की फेरे उतरतात. घट्ट झालेले तेलही पातळ होते आणि अडणारा गिअर सहज पडू लागतो. फेरे उतरलेच नाहीत, तर मात्र मिस्त्री गाठावा.

मला काळजी वाटते ती वेगळीच. थंडी नको म्हणून कित्येक जण बंद शेडमध्येच गाडी तापवत ठेवतात. गार इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड जास्त असतो. त्याला ना रंग, ना वास. पण तो जीव घेतो. धूर शुद्ध करणारे सायलेन्सरमधले यंत्रही तापल्याशिवाय काम करीत नाही.

तेव्हा आधी दार सताड उघडा. गाडी न्यूट्रलमध्ये आहे ना, ते पाहा, क्लच दाबून ती सुरू करा आणि लगेच बाहेर काढा. अर्ध्या मिनिटाने सावकाश निघा. उभ्यापेक्षा चालते इंजिन लवकर तापते.