जुनी चाकं, नवं रूप – भाग ७ : मॅट डब्याच्या तळाशी असतं

आज भट्टीबद्दल लिहायचं ठरलं होतं. पण नाशिकहून एका वाचकाचं पत्र आलं आणि भट्टी आठवडाभर पुढे गेली. त्यांच्या जुन्या ११८ एनई गाडीची अलॉय चाकं त्यांनी घरीच साफ करून रंगवली, वर चकचकीत क्लिअर (पारदर्शक वरचा थर) मारलं आणि आता त्यांना ती मॅट हवी आहेत. ते विचारतात, ‘हजार नंबरचा वॉटर पेपर फिरवला तर चकाकी जाईल ना?’

जाईल, पण सारखी जाणार नाही. चाक म्हणजे दरवाज्याचा पत्रा नव्हे. आऱ्यांच्या बेचक्यात आणि नटांच्या खळग्यांत पेपर पोचत नाही, तिथे चकाकी तशीच राहते. कडांवर मात्र क्लिअर झिजून खालचा रंग उघडा पडतो. शिवाय फडकं मारून मारून पुसताना घासलेला भाग हळूहळू परत चमकायला लागतो, तोही ठिकठिकाणी.

कडप्प्याची फरशी आठवा. पॉलिश केलेली आणि न केलेली, दगड तोच असतो. फरक असतो तो पृष्ठभागाच्या बारीक उंचसखलपणाचा. सपाट पृष्ठभागावरून उजेड सरळ परततो, उंचसखल पृष्ठभागावरून विखुरतो. मॅट क्लिअरमध्ये हे काम सिलिकाची बारीक पूड करते. थिनर उडून थर आकसला की हे कण वरचा पृष्ठभाग खडबडीत करतात, आणि तेही बेचक्यापासून कडेपर्यंत सगळीकडे.

ही पूड डब्यात खाली बसते. मी पहिल्यांदा मॅट क्लिअर मारलं तेव्हा डबा नुसता हलवला होता. पहिली दोन चाकं चमकली, चौथं पिठुळ, पांढुरकं आलं. नंतर डब्यात पट्टी घालून पाहिलं तर तळाशी भिजवलेल्या मैद्यासारखा गोळा होता. तेव्हापासून पट्टीने तळ खरवडत चांगलं ढवळल्याशिवाय मी हार्डनर घालत नाही, आणि चारही चाकांचं क्लिअर एकदमच कालवतो. हातही पातळ आणि सारखा हवा. जिथे थर जाड बसतो तिथे चकाकीचा ठिपका उठतो.

तेव्हा नाशिककरांनी ६०० च्या पेपरने आणि बेचक्यात घासणीने सगळं चाक नुसतं खरबरीत करून घ्यावं, पुसून कोरडं करावं आणि वर मॅट क्लिअर मारावं. त्यानंतर मेणपॉलिश अजिबात नको. मेण खडबडीत पृष्ठभागाच्या खाचांत भरतं आणि डाग पडतो. ओरखडा उठला तर ठिगळ जमत नाही, पूर्ण चाक पुन्हा मारावं लागतं.

फुक्स चाकांना मात्र हे काही लागू नाही. जर्मनीतल्या माइनर्त्सहागेनच्या ऑटो फुक्स कारखान्याने पोर्शे ९११ एससाठी १९६६ मध्ये आणलेली ही पाच पाकळ्यांची घडीव चाकं मला या सगळ्या विषयात सर्वांत प्रिय आहेत. त्यांची ती दबलेली, रेशमी झाक क्लिअरची नाहीच. ती अॅनोडायझिंगची, म्हणजे धातूवर विजेने वाढवलेल्या त्याच्याच ऑक्साइडची आहे. त्यावर मॅट क्लिअर मारलं की ती झाक झाकली जाते, आणि कॉस्टिकने धुतलं की तो थरच विरघळून जातो. असं चाक हाती आलं तर साधा साबण आणि मऊ ब्रश, एवढंच करा.

भट्टी पुढच्या आठवड्यात नक्की. तोवर एक सांगून ठेवतो. ‘जुना रंग जाळून काढून देतो’ म्हणणाऱ्याकडे चाक देऊ नका. बहुतेक अलॉयला कारखान्यात टणक करताना शेवटचा शेक साधारण १५० ते १८० अंशांवर दिलेला असतो, आणि रंग जाळायची भट्टी ४०० च्या घरात जाते. चाक मऊ पडतं, आणि बाहेरून ते दिसत नाही.