बियाण्याचा धान आणि पहिला पगार

मुलगा नोकरीला लागला की घरात पेढे येतात, पहिला पगार देवापुढे ठेवला जातो. पुढे त्या पगाराचे काय करायचे, हे मात्र त्याला जवळ बसवून कोणी सांगत नाही. पोहायला शिकवताना आपण पोराच्या पाठीला भोपळा बांधतो. पैशाच्या पाण्यात तसाच ढकलून देतो.

साकोली तालुक्यातील एकोडी हे भंडारा जिल्ह्याच्या धानपट्ट्यातले गाव. इथल्या घरांना हिशेब नवा नाही. धान चुरून घरी आला की पूर्वी पहिला वाटा बियाण्याचा निघे. मग वर्षभराच्या खाण्याचा, मजुरीचा, उधारीचा. उरेल तो बाजारात. सण येवो की पाहुणा, बियाण्याच्या कोठीला कोणी हात लावत नसे. पैशाचे सारे शास्त्र या शिस्तीत आहे : खर्चून उरते ती शिल्लक नव्हे, आधी काढून ठेवतो ती शिल्लक.

पण ती कोठी डोळ्यांना दिसत असे. आता धानाचे चुकारे खात्यात जमा होतात, पगारही खात्यात. २०१६ साली यूपीआय आले आणि नोट मोडताना हाताला जे कळायचे, तेही कळेनासे झाले. म्हणून नागपूर-पुण्याकडे गेलेल्या मुलाला नवी कोठी दाखवून द्यावी लागते. वीस हजार पगार असेल, तर जमा होईल त्याच दिवशी दोन हजार आवर्ती ठेवीत वळते व्हावेत. खोलीभाडे, खानावळ, घरी पाठवायची रक्कम यांचा हिशेब त्याने स्वतः लिहावा. महिनाअखेर ओढाताण झाली तर होऊ द्यावी. दोनशे रुपयांची चूक आज झाली, तर दोन लाखांची उद्या टळते.

दोन गोष्टी मात्र आधीच सांगाव्यात. क्रेडिट कार्डावर ‘किमान रक्कम’ भरून भागत नाही. दरमहा तीन टक्के म्हणजे वर्षाला छत्तीस. दहा हजार थकले, तर महिन्याला तीनशे रुपये नुसते व्याज. दुसरी गोष्ट जामिनाची. मित्रासाठी केलेली सही ही नुसती साक्ष नसते. १८७२च्या करार कायद्यानुसार जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते.

मुलींच्या बाबतीत तर आपण शिकवायचेच टाळतो. दहा वर्षांवरील मुलांना बचत खाते स्वतः चालवू देण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने २०१४ साली बँकांना दिली. आपल्याकडे बावीस वर्षांच्या कमावत्या मुलीचे एटीएम कार्ड वडिलांच्या नाहीतर भावाच्या खिशात असते. ‘तिला काय कळते?’ असे आपण म्हणतो. कार्डच हाती नसेल, तर कळणार कसे? उद्या तिच्यावर प्रसंग आला, तर पासबुक वाचायलाही तिला दुसऱ्याचे तोंड पाहावे लागेल.

आणि वाचकहो, एक अवघड काम आपलेही आहे. पीककर्ज किती, सोने कुठे गहाण, विम्याचा हप्ता कधी, हे आपण मुलांपासून लपवतो. त्यांना काळजी नको म्हणून. मग घराची ऐपत ठाऊक नसलेला मुलगा हप्त्यावर मोटारसायकल मागतो, आणि आपण त्याला उधळ्या म्हणतो! या रविवारी जेवणे आटोपली की घरातली सारी पासबुके सतरंजीवर मांडा. मुलालाच नव्हे, मुलीलाही जवळ बोलवा. बेरीज त्यांनाच करू द्या.