डॉक्टरीणबाईंचीही नाडी मोजतात

मागच्या वर्षी माझ्या जाऊबाईंचं पित्ताशयाचं दुर्बिणीचं ऑपरेशन एका सरकारी मेडिकल कॉलेजात झालं. आदल्या रात्री अकराला एक तरुण डॉक्टरीणबाई सही घ्यायला आल्या. पहाटे चारला सलाईन बघायला त्याच, आणि सकाळी ऑपरेशन थिएटरच्या दारातही त्याच. मी विचारलं, "मॅडम, तुम्ही झोपलात कधी?" त्या नुसत्या हसल्या. मला मात्र धडकी भरली.

त्या निवासी डॉक्टर. म्हणजे एमबीबीएस होऊन आता मोठ्या सर्जनच्या हाताखाली तीन वर्षं शस्त्रक्रिया शिकणाऱ्या. अशा शिकाऊ सर्जनवर किती ताण येतो, हे मोजता येतं. कसं, ते आज सांगते.

आधी मनगटावर दोन बोटं ठेवा. नाडी लागली? आता सावकाश श्वास घ्या आणि सावकाश सोडा. श्वास घेताना नाडी किंचित घाई करते, सोडताना रेंगाळते. सगळ्यांनाच जाणवेल असं नाही, वय वाढतं तसा हा फरक कमी होतो. सांगायचं काय, तर निवांत माणसाची नाडी घड्याळासारखी एकसारखी नसते. दोन ठोक्यांमधलं अंतर कमीजास्त होत राहतं. ताण आला की ठोके वाढतात आणि हे कमीजास्त होणं घटतं. बोटांना न कळणारा हा फरक छातीला बांधलेला पट्टा टिपतो. गाऊनच्या आत तो बांधून डॉक्टर ऑपरेशनला उभे राहू शकतात.

दुसरी खूण थुंकीत सापडते. ताणात शरीर कॉर्टिसोल नावाचं द्रव्य जास्त सोडतं. कापसाचा बोळा थोडा वेळ तोंडात धरायचा, मग तो तपासायला पाठवायचा. पण इथं फसायला होतं. हे द्रव्य सकाळी उठल्यावर अर्ध्या-पाऊण तासात तसंही वाढतं आणि रात्री उतरतं. नाडीही नुसती उभं राहून, जिना चढून किंवा चहानं वाढते. म्हणून त्याच माणसाच्या सुट्टीच्या दिवशी, त्याच वेळेला घेतलेलं माप शेजारी ठेवावं लागतं. एकीची नाडी दुसरीशी ताडून उपयोग नाही.

तिसरा मार्ग सरळ विचारण्याचा. कामाचा भार मोजायला अमेरिकेच्या नासानं एक प्रश्नावली केली होती. तिच्यावरून २०११ साली सर्जनसाठी वेगळी तयार झाली. डोकं किती शिणलं, अंग किती शिणलं, घाई किती होती, काम किती किचकट होतं, मनावर दडपण किती होतं, आणि लक्ष किती वेळा उडालं, असे सहा प्रश्न. पण 'मला काही होत नाही' म्हणायची आपल्यासारखीच डॉक्टरांनाही सवय असते. म्हणून तोंडाचं आणि नाडीचं दोन्ही ऐकायचं.

आणि फक्त ऑपरेशनच्या टेबलाशी मोजलं तर अर्धीच गोष्ट कळते. वॉर्डातले फोन, रक्ताची पिशवी मिळवायची धावपळ, चिडलेले नातेवाईक, रात्री तीनला आलेला अपघात, हे सगळं उरतंच. त्यासाठी यंत्र दिवसरात्र बांधतात आणि कुठल्या वेळी काय काम होतं ते वहीत लिहायला लावतात. घरात कुणाला हृदयाचं होल्टर लावलं असेल तर तुम्हाला हे माहीत असेल.

मोजून करायचं काय? निवासी डॉक्टरांनी सलग १२ तासांपेक्षा जास्त आणि आठवड्याला साधारण ४८ तासांपेक्षा जास्त काम करू नये, असं केंद्र सरकारनं १९९२ साली लिहून ठेवलंय. तरी २४-३६ तासांच्या ड्युट्या आपण बघतोच. हे आकडे ड्युटीचे तास ठरवायला वापरले तर आपल्याच बायाबापड्यांचा फायदा. 'ही पोरगी कच्ची आहे' म्हणायला वापरले, तर उद्या कुणी पट्टा बांधून घेणार नाही. म्हणून ते कुणाला दाखवायचे, हे आधी ठरलेलं असावं असं मला वाटतं.

डिस्चार्जच्या दिवशी मी त्या डॉक्टरीणबाईंना विचारलं, "ऑपरेशन करताना भीती वाटते का हो?" त्या म्हणाल्या, "मावशी, तिथं सर शेजारी उभे असतात. रात्री वॉर्डात एकटी असते, तेव्हा वाटते."