‘मला काही नको’ म्हणणाऱ्यांसाठी

वडिलांच्या साठीला काय द्यायचं, असं विचारलं की उत्तर ठरलेलं : ‘मला काही नको. कशाला उगाच खर्च?’ मग ऐनवेळी पाकीट, पट्टा नाहीतर शर्टपीस घेतला जातो. शर्टपीस शिवायचा राहतो आणि पुढच्या लग्नात दुसऱ्याच कुणाचा तरी आहेर होतो.

जोएल वॉल्डफोगेल या अमेरिकी अर्थतज्ज्ञाने १९९३ मध्ये नाताळच्या भेटींचा हिशेब मांडला होता. घेणाऱ्याच्या लेखी भेटीचं मोल तिच्या किमतीहून दहा टक्क्यांपासून एक तृतीयांशापर्यंत कमी भरत होतं. मित्रांनी आणि जोडीदाराने दिलेल्या भेटींत ही घट कमी होती, काका-आत्या, आजी-आजोबांच्या भेटींत जास्त. रोजचं माहीत असणाऱ्याची निवड कमी चुकते, एवढाच याचा अर्थ.

भेट द्यायला अवघड वाटणारे पुरुष लागेल ती वस्तू त्याच संध्याकाळी स्वतः आणतात, म्हणून दुकानातलं नवं काही त्यांना लागत नाही. मात्र स्वतःच्या हौसेवर आणि जुन्या वस्तूच्या डागडुजीवर पैसे घालणं त्यांच्या जिवावर येतं. भेट शोधायची ती इथे.

एचएमटीची घड्याळांची कंपनी २०१६ मध्ये बंद झाली, पण चावीची एचएमटी घड्याळं अजून कितीतरी घरांत बंद पडून आहेत. असं एखादं घड्याळ जाणत्या कारागिराकडून साफ करून, तेलपाणी करून, नवा पट्टा लावून द्या. कोल्हापुरीचा शौक असेल तर पावलाचं माप कागदावर उतरवून चप्पल बांधून घ्या. कोल्हापुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे, तेव्हा नावाखाली खपणारा नकली माल टाळा. वाचणाऱ्याला आवडीचे चार-पाच दिवाळी अंक द्या. गाणं ऐकणाऱ्याला पुण्याच्या सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवाचं तिकीट द्या, मात्र एक नव्हे, दोन. सोबत कुणी असेल तरच हे लोक घराबाहेर पडतात.

अधिक महिन्यात जावयाला अनारशांचं वाण देणाऱ्या सासूबाईंनीही ताटात चांदीची आणखी एक वाटी ठेवण्याआधी लेकीला विचारावं.

थोडक्यात, ‘काय हवं?’ असं त्यांना विचारूच नका. आठवडाभर त्यांची चप्पल, घड्याळ आणि कपाट बघा, आणि मगच बाजारात जा.