निवतीच्या खडकांवरची दोन बिऱ्हाडं

रेणापूरपासून समुद्र बराच दूर. तरीही सुरय पक्षी आपल्याकडच्या माणसाला परका नाही. उन्हाळ्यात मराठवाड्यातली धरणं आटू लागली की पाण्यातून वर आलेल्या वाळूच्या आणि मातीच्या उंचवट्यांवर नदी सुरय अंडी घालतो. लांब टोकदार पंख, पिवळी चोच, काळी टोपी आणि पाण्यावर अचानक मारलेला सूर, एवढ्या खुणांवरून तो ओळखता येतो. त्याचे समुद्रावरचे भाऊबंद कुठे वीण करतात, हे शोधायला निघालं की सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या एका दीपगृहापाशी पोचायला होतं.

वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यापासून साधारण 14 किलोमीटर वायव्येला भर समुद्रात खडकांचा एक समूह आहे. इंग्रजांनी नकाशावर त्याला ‘वेंगुर्ला रॉक्स’ म्हटलं, ‘बर्न्ट आयलंड्स’ हेही नाव दिलं. आज किनाऱ्यावर आणि पर्यटकांत ‘निवती रॉक’ हे नाव चालतं, कारण निवती गाव त्यासमोरच्या किनाऱ्यावर आहे. काही बेटं चांगली उंच आहेत, काही खडक मात्र जेमतेम पाण्याबाहेर डोकावतात. दक्षिणोत्तर चार-पाच किलोमीटर पसरलेली ही रांग मुंबई-गोवा जलमार्गाच्या बाजूलाच पडते. रात्री गलबताच्या तांडेलाला ती दिसणं अशक्यच. म्हणून ब्रिटिश काळात इथे दीपगृह आलं. पहिलं एका बेटावर होतं, पुढे शेजारच्या बेटावर नवं बांधलं गेलं. गोडं पाणी नाही, सावली देणारी झाडं नाहीत, धड धक्का नाही. होडी लावायची ती लाटेचा अंदाज घेऊन, आणि खडकावर उडी टाकायची ती योग्य क्षणी.

माणसाला नकोशी वाटणारी हीच गैरसोय पक्ष्यांच्या सोयीची. ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम 1875 च्या फेब्रुवारीत लक्षद्वीपच्या सफरीत इथे येऊन गेला. दहा वर्षांनी काँग्रेसच्या स्थापनेत पुढे असलेला हा तोच ह्यूम. आपल्या ‘स्ट्रे फेदर्स’ या पक्षिविषयक नियतकालिकात त्याने ती सफर छापली. मुंबईच्या हुमायून अब्दुलअलींचं काम मात्र अधिक नेमकं. त्यांनी इथल्या सुरयांवर आणि पाकोळ्यांवर लिहिलेला लेख 1942 साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात आला. हे खडक म्हणजे पश्चिम किनाऱ्यावरची समुद्रपक्ष्यांची मोठी वीणवस्ती आहे, हे त्यातून पक्कं झालं.

इथे घरटी करणाऱ्या सुरयांमध्ये गडद पाठीचा, डोळ्यावर पांढरी भुवई असलेला एक सुरय आहे. एरवी त्याचा मुक्काम खुल्या समुद्रावर. वाहत आलेल्या ओंडक्यावरही तो बसून राहतो. जमिनीला लागतो तो विणीपुरता. पावसाळ्याच्या तोंडावर तो इथे जमतो आणि खडकाच्या कपारीत, दगडाच्या आडोशाला एकच अंडं घालतो. आपला नदी सुरय पाणी उतरण्याची वाट पाहतो, हा पावसाची. जूनमध्ये दर्या खवळतो, यांत्रिक होड्या किनाऱ्याला लागतात, मासेमारी बंद होते. त्यानंतर या बेटांवर जाण्याची कुणाची प्राज्ञा नसते. अंड्यांची आणि पिल्लांची राखण लाटाच करतात.

पाकोळ्यांच्या वाट्याला हे संरक्षण आलं नाही. इथल्या एका बेटावरच्या गुहेत भारतीय पाकोळ्यांची मोठी वसाहत आहे. चिमणीएवढा, गडद तपकिरी पक्षी. पाय इतके तोकडे की फांदीवर बसताच येत नाही, खडकाला लोंबकळावं लागतं. गुहेच्या मिट्ट काळोखात तो टकटक असा आवाज काढत उडतो आणि भिंतींवरून परतणाऱ्या प्रतिध्वनीवर वाट काढतो. विणीच्या काळात त्याच्या लाळग्रंथी फुगतात. ती चिकट लाळ थरावर थर लावून, त्यात पिसं आणि काड्या मिसळून, खडकाला चिकटलेली छोटी वाटी तयार होते. त्या वाटीत दोन पांढरी अंडी.

चिनी खानपानात पाकोळीच्या घरट्याच्या सुपाला फार मोल. त्यापायी ही घरटी शिडी-काठ्या लावून खरवडली गेली, अंड्यापिल्लांसकट. घरटं गेलं की जोडी पुन्हा बांधायला घेते, पण प्रत्येक नवं घरटं अंगच्या लाळेतूनच उभं करायचं असतं. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने या चोरीविरुद्ध काम उभं केलं, वन विभागाला सोबत घेतलं, विणीच्या हंगामात गुहेवर लक्ष ठेवलं. कोकणात कासवांची अंडी राखणारी हीच मंडळी. त्यांच्याविषयी मला मनापासून आदर आहे.

अडचण हंगामाची आहे. पाकोळ्यांची वीण फेब्रुवारी ते मे, म्हणजे नेमका समुद्र शांत असण्याचा काळ. चोराला याच दिवसांत जाता येतं आणि पर्यटकालाही. दीपगृह आणि डॉल्फिन बघायला होड्या निघतात त्या याच महिन्यांत. आता त्यात नवी भर पडते आहे. 2024 च्या जानेवारीत नौदलाच्या सेवेतून निवृत्त झालेली ‘गुलदार’ ही युद्धनौका निवती रॉकजवळ पाण्याखाली ठेवून तिथे संग्रहालय आणि पाणबुडीतून पर्यटन, अशी योजना राज्य सरकारने हाती घेतली. किनाऱ्यावरच्या पोरांना त्यातून रोजगार मिळावा, अशीच माझी इच्छा आहे. पण या खडकांवर दोन वेगळ्या ऋतूंत दोन बिऱ्हाडं नांदतात आणि पाऊस त्यांतल्या एकालाच राखतो, हे आराखडा करणाऱ्यांनी ध्यानात घ्यायला हवं. मालवणचं सागरी अभयारण्य 1987 साली जाहीर झालं, ते 29.12 चौरस किलोमीटरचं आहे, आणि हे खडक त्याच्या हद्दीबाहेर, दक्षिणेला पडतात. तेव्हा निदान फेब्रुवारी ते मे गुहेच्या बेटावर होडी लावू नये आणि गुहेच्या तोंडाशी होडीचं इंजिन चालू ठेवू नये, एवढा नियम पहिल्या तिकिटाआधी व्हावा.