मॅटाडोरमधले बिऱ्हाड

चाकांवरचे घर मराठवाड्याला नवे नाही. नांदेड जिल्ह्यात माळेगावला मार्गशीर्षात खंडोबाची यात्रा भरते. तेथील जनावरांच्या बाजारासाठी माणसे पूर्वी बैलगाडीतच बिऱ्हाड घालून येत. जर्मनीत 1951 च्या सुमारास वेस्टफालिया कंपनीने फोक्सवॅगनच्या गाडीत पलंग आणि कपाट बसविले, ती कल्पना याहून फारशी निराळी नव्हे.

आपल्याकडची तशी गाडी म्हणजे मॅटाडोर. मूळ आराखडा जर्मन, बांधणी पुण्याच्या बजाज टेंपोची. 2005 साली या कंपनीचे नाव फोर्स मोटर्स झाले. लातूरला माझ्या मामांकडे 1986 सालची, खाजगी नोंदणीची एक मॅटाडोर आहे. भंगारवाला दोनदा येऊन गेला. मामा म्हणाले, "हिच्यातून तुझ्या आईची वरात नांदेडला गेली. तोडायला कशी देऊ?" मग तिचेच फिरते घर करावे असे ठरले. त्या खटपटीत जे समजले, ते येथे मांडतो.

पहिला प्रश्न वजनाचा. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो; शंभर लिटरची टाकी म्हणजे दीड माणूस जादा. 2016 साली ज्या लातूरने रेल्वेने आलेले पाणी प्यायले, त्याला पाणी मोजून वापरणे शिकवावे लागत नाही. आम्ही वीस लिटरचे दोन कॅन पुरेसे मानले. मॅटाडोरमध्ये इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना मिळते. म्हणून तळ सपाट आणि बुटका राहतो, घराला सोयीचा. पण चढावर भार मागे सरकतो आणि पुढची चाके घसरू लागतात. जड सामान मागच्या दाराशी न ठेवता चालकाच्या पाठीशी ठेवावे, ते यासाठी.

दुसरा प्रश्न गॅसचा. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. तो गळला तर तळाशी साचतो. वरची खिडकी उघडी असून उपयोग होत नाही. आम्ही शेगडी गाडीबाहेर, जमिनीवरच पेटवितो.

तिसरा प्रश्न कायद्याचा, आणि खरा पेच येथेच आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे नोंदणीपुस्तकातील तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. 2019 साली सर्वोच्च न्यायालयानेही हेच बजावले. उलट 2021 च्या नियमांनी पन्नास वर्षांवरील गाड्यांना 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी दिली. अट अशी, की सांगाडा, बॉडी व इंजिन मूळ स्वरूपात असावे. शिवाय अशी गाडी रोजच्या वापरासाठी काढता येत नाही. मामांची मॅटाडोर 2036 साली पन्नाशी गाठेल. आज छत कापून उंच केले, तर उद्याचा तो मान कायमचा गेला. काहीच केले नाही, तर तोवर ती गंजून जाईल.

यातून आम्ही मधला मार्ग काढला: पत्रा कापायचा नाही, वेल्डिंग करायचे नाही. फळ्यांचा घडीचा पलंग आणि उचलून बाहेर काढता येणारी पेटी, एवढाच संसार. याहून मोठा बदल करू इच्छिणाऱ्याने आधी परिवहन कार्यालयात विचारावे, मग सुताराकडे जावे.

लातूर, चाकूर, अहमदपूर, लोहा, नांदेड या रस्त्याने मामा गाडी सावकाश हाकतात. मागून हॉर्न वाजतात. मामा डावीकडे सरकून वाट देतात आणि म्हणतात, "जाऊ दे रे त्यांना, त्यांना घरी पोहोचायची घाई आहे. आपण घरातच आहोत."